नावाड्याचे कोपर

नदीकाठच्या एका खोऱ्यात, जिथे हिवाळ्यातले धुके दिवस बराच वर आला तरी पाण्यावरून हलत नसे, तिथे एकदा एक वृद्ध पंच राहत होता. वार्षिक जत्रेत पंजाच्या लढती होत आणि चाळीस वर्षे त्यांचा निवाडा तोच करीत आला होता. त्याचा एक शिष्य होता. तीन जत्रा त्याने गुरूच्या पाठीमागे उभे राहून पाहिल्या. चौथ्या वर्षी, अंतिम लढतीच्या सकाळी, गुरू म्हणाला, "आज तू उभा राहा. जमले, तर यापुढे ही जागा तुझी."

शिष्य लढतीच्या फळीजवळ, पंचाच्या आसनापाशी गेला. धुक्यात माणसे अर्धीच दिसत होती. पागोट्यांचे रंग तेवढे हवेत तरंगत होते आणि पलीकडच्या काठावरची घंटा पाण्याखालून वाजावी तशी ऐकू येत होती. फळीवर कोपरे टेकण्यासाठी दोन लहान गाद्या होत्या. नियम सोपा होता. कोपर गादीवरून उचलले की दोष. पहिल्या दोषाला लढत थांबवून ताकीद द्यायची आणि पंजे पुन्हा मधोमध आणायचे; त्याच डावात दुसरा दोष घडला, तर हार. तीन डावांपैकी दोन जिंकेल तो विजयी.

एका बाजूला सहा वर्षांचा अजिंक्य नावाडी होता. दुसऱ्या बाजूला घोंगड्या विणणारा एक प्रौढ विणकर, जो सहाही वर्षे त्याच्याकडूनच हरला होता. सकाळीच तो शिष्याला म्हणाला होता, "दादा, मनगट आता साथ देत नाही. यंदाचं शेवटचं."

पहिला डाव सुरू झाला. विणकराने नावाड्याचा हात हळूहळू खाली नेला. फळी चार बोटांवर उरली. तेवढ्यात नावाड्याचे कोपर गादीवरून तिळभर उचलले गेले.

"थांबा!" शिष्य गरजला.

ताकीद दिली गेली, पंजे पुन्हा मधोमध आले. या अवकाशात नावाड्याने छातीभर श्वास घेतला. विणकराचे थकलेले मनगट मात्र थरथरतच राहिले. पुढच्या झटक्यात त्याचा हात फळीला टेकला.

शिष्य प्रसन्न होता. एवढ्या धुक्यात तिळभर कोपर टिपणे काही लहान गोष्ट नव्हती. त्याने कौतुकाच्या अपेक्षेने गुरूकडे पाहिले.

"पुढचा डाव मी पाहतो," गुरू एवढेच म्हणाला.

दुसरा डावही त्याच वळणाने गेला. नावाड्याचा हात फळीपासून चार बोटांवर आला आणि त्याचे कोपर उचलले गेले, या वेळी चांगली दोन बोटे.

"उचललं, उचललं!" गर्दी ओरडली. "नावाडीबुवा, कोपर आहे की वल्हं?"

शिष्याने गुरूकडे पाहिले. गुरूची दृष्टी त्या कोपरावरच खिळलेली होती. पण ओठ मिटलेले. एक क्षण गेला, दुसरा गेला. त्या निःशब्दतेत विणकराने नावाड्याचा हात फळीला टेकवला.

"डाव विणकराचा," गुरू म्हणाला.

"अहो बाबा, हे कसं काय?" नावाडी उसळला. "माझं कोपर उचललं होतं की! साऱ्या जत्रेनं पाहिलं! थांबवायला नको?"

"चूक तुझी, आणि दाद मागणाराही तूच?" गुरूने शांतपणे विचारले.

गर्दीत हशा पिकला. नावाडी मान खाली घालून बाही सारखी करू लागला.

शिष्याच्या मनातले धुके मात्र गडद झाले. त्याने गुरूला बाजूला नेले. "गुरुजी, दोष घडला होता. आपण तो पाहिलाही होता."

"पाहिला. म्हणूनच गप्प राहिलो. हरता हरता त्याने कोपर उचलले, ते लढत थांबावी म्हणूनच. पहिल्या डावात तू थांबवलीस आणि त्याला हवे ते दिलेस: मधोमध हात आणि ताजा श्वास. विणकराने इंचाइंचाने मिळवलेले सारे तुझ्या एका शब्दात गेले."

"आणि उचललेल्या कोपराच्या जोरावर तो सावरून वर आला असता, तर?"

"तर त्याच क्षणी थांबवले असते. दोष घडला की पंचाने पाहावे, त्याचा लाभ कोणाकडे चालला आहे. तो लाभ तिथेच अडवावा. आता जा. तिसरा डाव तुझा आहे."

शिष्य पुन्हा फळीजवळ आला. विणकराकडे पाहण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. याचा पहिला डाव मी घालवला, हा एकच विचार त्याच्या मनात घुमत होता. या वेळी विणकराने कमाल केली. त्याने नावाड्याचा हात एका दमात खाली नेला. फळी बोटभर उरली. आणि त्या शेवटच्या बोटासाठी, खांद्याचा भार हातावर टाकताना, विणकराचे स्वतःचे कोपर गादीवरून सुटले.

कोणी ओरडले नाही. धुक्यात ते कोणाला दिसलेच नव्हते. शिष्याला दिसले. गप्प राहिले की सारी भरपाई होणार होती.

"थांबा," तो म्हणाला.

पंजे मधोमध आले. विणकराच्या मनगटात आता काही उरले नव्हते. नावाडी जिंकला.

गर्दी पांगू लागली. विणकर घोंगडी खांद्यावर टाकून शिष्यासमोर येऊन उभा राहिला.

"पहिला डाव तुम्ही घालवलात, दादा," तो म्हणाला. "त्याचा राग आहे, खोटं कशाला बोलू? पण तिसरा मी घालवला. माझं कोपर मलाही कळलं होतं."

शिष्याने हात जोडले. "पहिल्याची क्षमा मागतो."

"आणि तिसऱ्याची?"

शिष्याने मान हलवली. "नाही. तिसऱ्याची नाही."

विणकर किंचित हसला आणि धुक्यातून उताराकडे चालू लागला. गुरूने पंचाच्या जागेवरचे आपले आसन उचलले आणि मागे, जिथे तीन वर्षे शिष्य उभा राहत असे, तिथे नेऊन ठेवले.