एकल्या चांदणीची जोडीण

ऐक, एकल्या चांदणी, तुझी कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट नगर होतं. तिथं एक कासाराचं घर होतं. घरात म्हातारी सासू, दोन लेक, दोन सुना. थोरलीचं नाव येसू, धाकटीचं चिमाई. थोरलीचा नवरा घरी दुकान बघे. धाकटीचा नवरा बैलावर बांगड्यांच्या माळा घालून गावोगाव हिंडे. एकदा तो गेला तो गेलाच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, वटपौर्णिमा गेली. बैल नाही, बांगडी नाही, निरोप नाही. मग आळीतल्या बाया कुजबुजू लागल्या, "आता हिनं हातचा चुडा उतरवावा." चिमाई चुडा पदराखाली झाकी आणि वाट बघे.

त्या नगराची एक रीत होती. तिन्हीसांजेला आभाळात एकच चांदणी दिसली, तर दुसरी दिसेपर्यंत घरात शिरू नये. एकलीकडं पाठ फिरवली, तर तिचं एकलेपण मागोमाग घरात येतं. थांबलीच कुणी, तर हात जोडून काहीबाही मागून घेई. पहिल्या चांदणीपाशी मागितलेलं मिळतं, असं जो तो म्हणे.

एके दिवशी काय झालं? चिमाई तुळशीपाशी दिवा लावायला गेली. सहज मान वर केली. सगळीकडं ढग, आणि मधोमध एकच चांदणी. आतून येसू ओरडली, "अगं, तवा तापला! भाकरी काय आभाळात थापतेस?"

"जाऊबाई, एकली दिसली. दुसरी दिसल्याशिवाय आत कशी येऊ?"

"मग बस तिथंच!"

चिमाई उभी राहिली. नवऱ्याला मागावं म्हणून हात जोडले, तोंड उघडलं, आणि चांदणीकडं बघून तिला भडभडून आलं. म्हणाली, "बाई, तूही माझ्यासारखीच गं. माझं राहू दे. आधी तुला जोडीण मिळू दे." असं म्हणायचा अवकाश, ढग सरला. शेजारी दुसरी चांदणी लुकलुकली.

मग पहिली चांदणी बोलली, "अगं वेडे, सारं नगर माझ्यापाशी मागतं. माझ्यासाठी मागणारी तूच पहिली. तुला वसा देते."

"त्या वशाला काय करावं?"

"सांजेला अंगण झाडावं, सडा घालावा, रांगोळीच्या दोन चांदण्या काढाव्या. पहिली निघाली की दुसऱ्याचं मागावं. दुसरी निघाली की आपलं मागावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

चिमाईनं वसा घेतला. पहिल्या दिवशी कुंभारणीच्या लेकीला स्थळ मागितलं. स्थळ आलं. दुसऱ्या दिवशी सासूच्या गुडघ्यांना आराम मागितला. सासू टुणटुणीत झाली, आळीभर फिरून चौकश्या करू लागली. तिसऱ्या दिवशी जावेच्या तान्ह्याचा ताप उतरू दे म्हणाली. ताप उतरला. पण दुसरी चांदणी निघाली रे निघाली, की आतून हाक येई, "चिमाई, दूध उतू चाललं बघ!" मग ती धावे. आपलं मागणं रोज राहूनच जाई.

येसूनं हे पाहिलं, चिमाईकडून वसा विचारून घेतला. तिला वाटलं, हिला मिळतं तर मला का नाही? तिनं अंगण झाडलं, सडा घातला, रांगोळी काढली. पहिली चांदणी निघाली. दुसऱ्याचं मागायचं ती विसरली आणि घाईघाईनं म्हणाली, "मला दे. मला एकटीला दे. लाडू दे, लुगडी दे, हातभर बांगड्या दे. पण मला एकटीला!" हसू नका गं बायांनो, देवळात डोळे मिटून आपण काय वेगळं बोलतो?

चांदणी म्हणाली, "दिलं. एकटीला दिलं."

सकाळी येसू उठली. परातभर लाडू, दांडीवर लुगडी, टोपलीभर हिरव्या बांगड्या. घरात माणूस मात्र एक नाही. नवरा बाजाराला गेला, सासू तान्ह्याला घेऊन बहिणीकडं गेली, चिमाई कुंभारणीच्या लग्नघरी गेली. येसूनं लाडू खाल्ला, घशाखाली उतरेना. लुगडं नेसली, छान दिसतं म्हणायला कुणी नाही. मग बांगड्या भरायला बसली. कासाराची सून ती! पण घट्ट बांगडी आपली आपल्याला कधी भरता आली आहे का? हात दाबायला दुसरा लागतो. एक बांगडी वाढवली, दुसरी वाढवली, तिसरी वाढवली. मग ती ढसाढसा रडली. "एक दिवस एकटी राहिले तर जीव नकोसा झाला. माझी जाऊ कसे दिवस काढत असेल गं?"

सांज झाली. येसू अंगणात आली. आभाळात एकली निघाली. येसूनं पदर पसरला. म्हणाली, "मला काही नको. माझ्या भाऊजींना घरी आण. माझ्या चिमाईला एकटी ठेवू नको."

दुसरी चांदणी निघाली. नवरा आला, सासू आली, चिमाई आली. आणि मग आळीच्या तोंडाशी बैलाची घुंगरं वाजली. चिमाईचा नवरा! गुडघ्यापर्यंत धूळ, दाढी वाढलेली, पण तोच. सासूनं धावत जाऊन भाकरतुकडा ओवाळला. तो म्हणाला, "पुरात वाट मोडली, रानात चुकलो. माझ्या आभाळात रोज एकच चांदणी. तिच्यामागं जाई आणि फिरून तिथंच येई. आज तिच्याशेजारी दुसरी दिसली. दोघींच्या मधून चालत आलो, तो आपल्या दारात."

चिमाई हसत होती, रडत होती. म्हणाली, "अहो, पण मी तर तुम्हाला मागितलंच नव्हतं. रोज राहूनच जात होतं. मग आलात कसे?"

मागून येसू म्हणाली, "मी मागितलं."

चिमाई वळली आणि आधी जावेच्या गळ्यात पडली. नवरा बैलाची दोरी धरून तसाच उभा. शेवटी सासू म्हणाली, "अगं बायांनो, त्याला आत तर घ्या!"

जशी एकल्या चांदणीला जोडीण मिळाली, जसं चिमाईला तिचं माणूस मिळालं, तसं तुम्हां आम्हां मिळो. वाटेवरचा घरी येवो. आपलं मागणं राहून गेलं, तर ते मागणारी जाऊ घरोघरी असो. ही आभाळभर चांदण्यांची कहाणी, दोन चांदण्यांत सुफळ संपूर्ण.