पहिला घास ओतणाऱ्याचा

थांबा, थांबा! ग्लासाला हात नका लावू अजून. आणि काका, ते लिंबू ठेवा बरं खाली. या पांढऱ्या वाइनला स्वतःचा आंबटपणा आहे. वर माशावर लिंबू पिळलंत तर एका घरात दोन सासवा नांदवल्यासारखं होईल. तळलेला मासा, हा मक्याचा घट्ट सांजा, पोलेंता म्हणतात त्याला, आणि गार वाइन. बास. मी मूळची हर्णैची आहे हो, माशांच्या बाबतीत तरी माझं ऐका.

ती धक्क्याच्या टोकाची घंटा दिसते का? गार्दा सरोवराच्या काठाने घंटा पुष्कळ सापडतील, पण जेवणाआधी वाजते ती आमच्या कालवेर्दे गावातच. ती वाजल्याशिवाय इथे कुणी बाटली उघडत नाही. आणि जो वाइन ओततो, त्याने माशाचा पहिला घास पाहुण्यांच्या देखत स्वतः खायचा. लग्न होऊन इथे इटलीत आले तेव्हा मला हे फारच उद्धट वाटलं होतं. मग सासूबाईंनी गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वी या गावात ओर्सोला नावाची बाई होती, असं सांगतात. नवरा बाजारहाट बघायचा, वाइन करायची ती. आणि हाताला चव अशी, की पलीकडच्या काठाची माणसं होडी करून तिची वाइन न्यायला यायची. तिची जिवाभावाची मैत्रीण जेम्मा. जेम्माचा नवरा आन्सेल्मो मासे पकडायचा. त्याची होडी गावात सगळ्यात लांब जायची, त्या समोरच्या खडकाळ टोकापर्यंत.

गावाचा एक नेम होता. तळ्यावर धुकं उतरलं की कुणीतरी धक्क्यावर जाऊन घंटा वाजवत राहायची, म्हणजे होड्या त्या आवाजाच्या रोखाने घरी येतील. घराघराला पाळी लावून दिलेली. द्राक्षांच्या तोडणीचे दिवस होते, आणि त्या सकाळी पाळी ओर्सोलाच्या घराची होती. नवरा बाजाराला गेलेला. ओर्सोलाने द्राक्षं तुडवून पिंप भरलं होतं. पांढऱ्या वाइनचं असं असतं बघा, तुडवल्यावर रस सालींपासून लगेच वेगळा काढावा लागतो. राहिला तर रंग जातो आणि कडवटपणा उतरतो. वर्षाची मेहनत पाण्यात.

धुकं तिने पाहिलं होतं. दारात येऊन चांगलं पाहिलं होतं. "एवढं पिंप निथळू दे, जातेच," असं म्हणाली आणि आत वळली. रोज उन्हं वर आली की धुकं फाटायचं, आजही फाटेल असं तिला वाटलं. पिंप निथळलं. मग दुसरं भरलेलं होतं, तेही तिने निथळून घेतलं.

दुपारी त्या टोकाच्या खडकांपाशी आन्सेल्मोची होडी सापडली. रिकामी. तो काही सापडला नाही.

बाकीच्या होड्या धुकं पडायच्या आधीच परतल्या होत्या, आणि गाव सगळं तोडणीच्या गडबडीत. घंटा वाजली की नाही, कुणाच्याच ध्यानात नव्हतं. "धुक्याने आवाज गिळला," लोक म्हणाले. ओर्सोलाने होकाराची मान हलवली. एक मान हलवली, तेवढंच. पण चोराच्या मनात चांदणं! कुणी नुसतं "ये गं" म्हटलं तरी ती दचकायची. आन्सेल्मो ज्या पाण्यात आहे त्यातला मासा कुणी खाईना. जाळी वाळत पडली, हिवाळाभर गाव पोलेंता आणि कांद्यावर राहिलं. तेही आपल्याच पायी, हे एकट्या ओर्सोलाला ठाऊक.

वसंतात पिंपं उघडली. आणि नशीब कसं असतं पाहा, तशी वाइन गावात आधी कधी झाली नव्हती! जो तो वाखाणू लागला. जेम्मानेही काळ्या शालीतून हात काढून घोटभर घेतली. म्हणाली, "ओर्सोला, काय गं तुझा हात! आन्सेल्मो असता तर नाचला असता." ओर्सोला कशीबशी हसली आणि घरामागे जाऊन ओकली, असं सांगतात. त्या दिवसापासून स्वतःच्या वाइनचा थेंब तिच्या घशाखाली उतरला नाही.

पुन्हा तोडणी आली. पुन्हा एका सकाळी धुकं उतरलं. या वेळी होडी एकही बाहेर नव्हती, पाळीही दुसऱ्या कुणाची होती. पण ओर्सोला पिंप तसंच टाकून, रसाने बरबटलेल्या पायांनी जेम्माच्या दारात जाऊन उभी राहिली.

"धुक्याने नाही गिळला आवाज. मी घंटा वाजवलीच नाही. रस निथळत होते."

शाल घट्ट गुंडाळून जेम्मा धक्क्यावर गेली आणि वर्षभर बांधून पडलेली नवऱ्याची होडी तिने सोडली. "मी त्या टोकापर्यंत जाते," ती म्हणाली. "मला कळायला हवं, त्याला ऐकू आली असती का. तू वाजव. आज तरी वाजव." आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली.

आता ओर्सोलाचे हाल काय झाले असतील, सांगा. घंटा तिथवर पोचत नसेल, तर आन्सेल्मो तसाही वाचला नसता. तिचं पाप हलकं. पण मग जेम्माही परत येणार नाही. आणि जेम्मा परत आली, तर आन्सेल्मोही आला असता. मग त्याला मारलं ते ओर्सोलानेच. तिने दोरी धरली. तळहात सोलून निघाले तरी वाजवत राहिली. "देवा, ऐकू जाऊ दे," एवढंच म्हणत होती. आपण दोषी ठरावं म्हणून देवाला साकडं घालणारी बाई मी दुसरी ऐकली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. धुकं तसंच दाट होतं. आणि त्यातून होडीचं टोक नीट, सरळ धक्क्याच्या पायरीला येऊन लागलं.

जेम्मा उतरली. तिच्या हातात चार मासे होते. ते कधी नि कसे धरले, हे मला विचारू नका, सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. ओर्सोलाच्या समोर उभी राहून ती एवढंच म्हणाली, "ऐकू येते."

जेम्माने धक्क्यावर चूल मांडली, मासे तळले, ओर्सोलाच्याच घरातून आन्सेल्मो गेला त्या सालची वाइन मागवली. पानात मासा वाढला, ग्लास तिच्या हातात दिला. "आधी तू," म्हणाली. "या तळ्यातला घास आधी तू घ्यायचा. दर वेळी. मग आम्ही." ओर्सोलाने रडत रडत तो घास गिळला, वर वाइन प्यायली. मग जेम्माने खाल्लं. मग गावाने. क्षमा केली का तिने? नाही सांगत कुणी. पण होडीत बसताना जेम्माने जीव कुणाच्या हाती दिला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

इथल्या वाइनच्या घोटानंतर जिभेवर शेवटी किंचित कडू राहतं, कडू बदामासारखं. जाणकार म्हणतात, द्राक्षाचा गुण आहे. गाव म्हणतं, जो कडवटपणा टाळायला ओर्सोला थांबली, तोच राहिला.

आजही कालवेर्देत आधी घंटा वाजते. ओतणारी तेव्हा ओर्सोला असायची, म्हणून आजही पहिला घास ओतणाऱ्याचा. वाजली बघा! आज ओतणारी मी. मला घास घेऊ द्या, मग तुम्ही सुरू करा.