जुन्या लेखाला शिवलेली कुंची

“...आणि एक ओळसुद्धा नवी न लिहिता, महाराज! आता सांगा, असा शिष्य आहे का तुमचा दुसरा?”

प्रद्युम्न टिपरे मठाच्या ओट्यावर बसला होता. पण बसला होता असा, की ओट्याला वाटावं आपण सिंहासनच.

महाराज शेंगा सोलत होते. टिपऱ्यांच्या या पोराला लहानपणी पाटीवर गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं. आता तो लेखक झाला होता. दर सोमवारी सकाळी त्याचं पत्र ईमेलनं घरोघर जाऊन पडायचं. त्याला न्यूजलेटर म्हणायचं. पत्र म्हटलेलं प्रद्युम्नला खपत नसे.

“नवं लिहीत नाहीस, मग पाठवतोस काय?”

“जुनंच! बारा वर्षांचं लिहिलेलं पडून होतं. एका लेखाचे चार तुकडे करायचे, वर ताजा मथळा, खालची तारीख पुसायची. आठ महिन्यांत चारशेचे सहा हजार वाचक!”

“शिळ्या भाताला फोडणी.”

“अहो, सहा हजार पानं उठतात त्या भातावर!”

“वा. मग एवढा चढ चढून कशाला आलास?”

इथं सिंहासन जरा डुगडुगलं.

झालं होतं असं. जुन्या लेखांत एक लेख होता, ‘काल मी बाप झालो’. तारीख पुसून तो तीन आठवड्यांपूर्वी गेला, आणि लोक वेडेच झाले. कुणी आशीर्वाद धाडले, कुणी डिंकाचे लाडू. एका गृहस्थानं तर जायफळ उगाळायला सहाण पाठवली. नऊशे नवे वाचक नुसते बाळाचं नाव ऐकायला येऊन बसले. आणि बारशाचा लेख, तोही जुनाच, उद्याच्या सोमवारी जायला तयार होता.

“पाठवू का?” प्रद्युम्न म्हणाला. “खरं सांगितलं तर नऊशे जातील. कदाचित सगळेच.”

महाराजांनी शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. चावले...

“आक्का!” त्यांनी आत हाक मारली. “तुझा लेखक आलाय गं!”

कृष्णाक्का मठाचं स्वयंपाकघर सांभाळायची. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई. निवृत्त झाली तरी जगातली सगळी बाळं आपल्याच वहीत आहेत असं धरून चालणारी. चुलीवर दूध ठेवून ती लगबगीनं बाहेर आली. हातात कुंची, पिवळी, लाल गोट लावलेली.

“अगबाई, तुम्हीच का ते! दर सोमवारी वाचते हो मी. हे घ्या, बाळाला. डोळ्यांत मोतीबिंदू, टाके वाकडे गेलेत. बाळंतीण कशी आहे? शेक घेते ना? आणि दीड महिन्याचा डोस चुकवायचा नाही, सांगून ठेवते!”

“बरी आहे...” प्रद्युम्न म्हणाला.

“वजन किती भरलं?”

प्रद्युम्ननं महाराजांकडे पाहिलं. महाराजांना शेंगांत फार काम होतं.

“सांग की,” ते मान न वळवता म्हणाले. “किती भरलं?”

“चौतीस किलो.”

...

“सहावीत आहे,” तो पुटपुटला. “लेख जुना होता, आक्का.”

आक्कानं कुंचीकडे पाहिलं. वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

महाराज उठले. तिच्या हातून कुंची घेतली, प्रद्युम्नच्या डोक्यावर बसवली आणि हनुवटीखाली बंदांची पक्की गाठ मारली. तो सोडायला गेला.

“राहू दे,” महाराज म्हणाले.

राहिली.

आक्कानं विचारलं, “नाव काय ठेवलंत?”

“ऋजुता.”

“कशी आहे?”

याचं उत्तर कुठल्याच जुन्या लेखात नव्हतं.

“परवा... शाळेच्या नाटकात तिला झाडाचं काम दिलं. बोलायचं काही नाही, नुसते हात वर करून उभं राहायचं. राहिली. नाटक संपलं, पडदा पडला, बाकीची पोरं खाऊकडे पळाली, ही उभीच! बाई म्हणाल्या, अगं चल. तर म्हणते कशी, ‘झाड कुठं जातं का?’”

आक्का खुदकन हसली आणि ओट्याच्या कडेला टेकली. “मग?”

“मग काय! बाईंनाच तिच्या फांद्या खाली घ्याव्या लागल्या. आणि त्याच बाईंनी विचारलं, वडील काय करतात. ही म्हणाली, ‘जुनं आहे तेच परत पाठवतात.’ बाईंना वाटलं, मी कुरिअरात आहे!”

“अगं माझे आई! पुढं?”

पुढं टिपरे सुटलाच. पोरीचं हे, पोरीचं ते. सहा हजारांचा आकडा सांगतानाही फुगली नव्हती अशी छाती फुगली. डोक्यावर कुंची आहे याचं भानच नाही.

“हे कुठल्या सोमवारी आलं होतं?” आक्कानं विचारलं. “माझं कसं वाचायचं राहिलं?”

“हे...” तो अडखळला. “हे लिहिलंच नाही कुठं.”

मग तो महाराजांकडे वळला. आवाज खाली आला होता.

“पण महाराज, उद्या खरं सांगून हे असलं लिहिलं, आणि सगळे उठून गेले तर? थांबणार कोण?”

महाराजांनी नाक वर करून हवेत हुंगलं.

“आक्काला विचार,” ते म्हणाले. “चुलीवरचं दूध मघाशीच उतू गेलंय तिचं.”