मागच्या सीटचं वजन

"ती मागं बसणार नाही, असंच धरून चाला. मग मागचं सस्पेन्शन आत्ता बदलायची गरज आहे का?"

हे माझ्या नवऱ्यानं विचारलं. मला ऐकू जावं म्हणून नव्हे. त्याच्या हिशेबानं मी तेव्हा सुभेदारांच्या घरात, त्यांच्या बायकोजवळ शेंगा सोलत बसलेली होते. पण काकी शेजारी कुठं गेल्या होत्या, दाराला बाहेरून कडी होती, आणि मी पत्र्याच्या शेडपलीकडे नळावर पाय धूत उभी होते.

ऐकण्याच्या कामाला पत्रा फार चांगला.

सुभेदार नुसते खाकरले.

"म्हणजे स्पितीला आम्ही चौघं. चार गाड्या, सगळे एकेकटे," प्रणितनं पुन्हा सांगितलं. "तिला गाडी मानवत नाही."

मला गाडी मानवत नाही, हे मला तेव्हा कळलं.

प्रणित माझा नवरा. लग्नाला दोन महिने होत आलेत आणि त्याला हाक कशी मारायची ते अजून ठरलेलं नाही. 'अहो' म्हटलं की तो दचकतो, नावानं हाक मारली की सासूबाई दचकतात. म्हणून मी हाकच मारत नाही. समोर जाऊन उभी राहते.

गेल्या आठवड्यात त्यानं पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली अ‍ॅडव्हेंचर गाडी घेतली. उंच, आडदांड, चिखलातनं आणि दगडगोट्यांतनं जायला बनवलेली. गल्लीत शिरली तेव्हा समोरच्या आजींनी विचारलं, हिच्यावर चढायची शिडी वेगळी घ्यावी लागते का.

पहिल्या दिवशी सासूबाई तबक घेऊन दारात, मी साडीत. त्या बघत असताना पाय टाकून बसायचं धाडस झालं नाही, म्हणून देवळापर्यंत एका बाजूला बसले. ती गाडी तशी बसण्यातली नव्हेच. मी अर्धी हवेत, पदर दातांत. त्यानं मान ताठ धरून, चालत्या माणसाच्या वेगानं गाडी नेली आणि आणली. उतरताना माझा चेहरा बघितला, आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं.

त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आमचं बरंचसं असंच चाललंय.

मला स्पितीला जायचं होतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी तो मोबाइलवर हिमाचलातल्या त्या रस्त्याचे व्हिडिओ बघत बसायचा आणि मी शेजारी मेथी निवडायचे. वारा, खडी, मधेच आडवं वाहणारं पाणी... कुठल्या वळणानंतर कुठला पूल येतो ते मला तोंडपाठ झालं होतं. मेथी तेवढी नीट निवडली जात नव्हती.

आणि आज तो सुभेदारांकडून गाडी प्रवासासाठी लावून घेणार होता. एकट्यासाठी लावली की एकट्यासाठी लावली. मग जूनमध्ये निघेपर्यंत त्यावर कोण बोलणार?

सुभेदार कणसे फौजेत होते, लेहच्या बाजूला मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. परत आल्यावर यवतेश्वर घाटाच्या पायथ्याला त्यांनी पोल्ट्री टाकली. कोंबड्या रोगानं गेल्या, शेड राहिली. त्या शेडला गॅरेज म्हणता येत नाही. पाटी नाही, आणि ते पैसे घेत नाहीत. पण साताऱ्यातल्या कुणीही मोठी गाडी घेतली की आधी ती त्यांच्या पुढ्यात आणून उभी करायची, अशी रीत पडली आहे. बहुतेकांना ते बघूनच परत पाठवतात.

मी पत्र्याला वळसा घालून पुढे आले. प्रणितनं मोबाइल खिशात घातला, परत काढला.

काकी घरात नाहीत हे मी हातानंच सांगितलं.

सुभेदारांनी माझे ओले पाय बघितले. मग नळाच्या दिशेला बघितलं. मग पत्र्याकडे.

"हं," ते प्रणितला म्हणाले. "काय काय बसवायचंय म्हणालास?"

प्रणितला हाच प्रश्न हवा होता. तो मोबाइलमधून वाचायला लागला. फॉग लाइट. पुढची उंच काच. हँडल वर घ्यायचे ठोकळे. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. नवा सायलेन्सर.

"सायलेन्सर कशाला?"

"आवाज भरदार येतो."

"कुणाला?"

"तसं नाही, काका. चढाला गाडी जरा दमते. सायलेन्सर मोकळा केला की तिला श्वास घ्यायला..."

"बाजूची पट्टी खोल."

पट्टी कशी खोलायची ते प्रणितला येत होतं. व्हिडिओत बघितलं होतं. आतून एअर फिल्टर निघाला. तो मुळात कुठल्या रंगाचा असेल ते सांगता आलं नसतं. सुभेदारांनी तो बघितलाही नाही, तसाच त्याच्या हातात दिला.

"फुंक ह्यातनं."

"आं?"

"तोंड लाव आन् फुंक."

प्रणितनं फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि सगळी धूळ उलटी त्याच्याच कपाळावर आली. शेडमध्ये उरलेल्या चार कोंबड्यांपैकी एक घाबरून टोपलीखाली गेली.

"पलीकडं गेली हवा?"

"नाही."

"नाक बुजलंय आन् तू भोंगा बदलाय निघालास."

मला हसू आलं. मी खाली बघितलं.

"ते काय, नवीन फिल्टर टाकतो आजच," प्रणित म्हणाला. "मी सस्पेन्शनचं विचारत होतो."

"चेनला तेल कवा लावलंस?"

"डॉक्टर वेळच्या वेळी..."

"डॉक्टर येणार हाईत का स्पितीला?"

प्रणितनं चेनला बोट लावून बघितलं.

"टायर कुठल्या सालचं हाय? ब्रेकचं तेल बदललंय का नुसतं वरनं घातलंय? पुढचं चाक उचलून हँडल फिरवून बघितलंस, मधी अडकतंय का ते?"

प्रणितनं किल्ली फिरवली. चालू, बंद. चालू, बंद. दर वेळी गाडीच्या पोटात पेट्रोलचा पंप बारीक गुणगुणायचा आणि गप्प व्हायचा. चालू, बंद.

"वापरलेली गाडी घेतली म्हंजे दुसऱ्याच्या सवयी घेतल्या," सुभेदार म्हणाले. "त्यानं कशी हाकली, काय चालवून घेतलं, काय टाळलं... आधी ते बघायचं. हौस मागनं. किल्ली सोड."

प्रणितनं किल्ली सोडली.

गाडीबद्दल पुरुष असं बोलायला लागले की मी कान देते, कारण पुढचं वाक्य पुष्कळदा बायकोवर येतं. प्रणितच्या मित्रांचं तर हमखास येतं, आणि मग "वहिनी, गंमत हो." सुभेदारांचं आलं नाही. त्यासाठी मी त्यांना मनात एक नमस्कार केला.

वारा सुटला होता. छताचा एक पत्रा सारखा उचलत होता आणि आपटत होता. सुभेदारांनी खिशातून शिवणकामाची टेप काढली, बहुतेक काकींची. खडूनं मागच्या चाकाशी एक खूण केली, सीटखाली एक. मोकळ्या गाडीवर दोन खुणांमधलं अंतर मोजलं.

"हे बघ. माणूस बसला की गाडी थोडी दबली पायजे. दबलीच न्हाई तर दगडावरनं उडती. लई दबली तर तोंड वर करती, मग वळणावर हँडल ऐकत न्हाई. जेवढं वजन वर, तेवढं मागचं स्प्रिंग आवळायचं. तुझं नवं सस्पेन्शन राहू दे. हे आधी. बस."

प्रणित हेल्मेट, जॅकेट घालून बसला. सुभेदारांनी मोजलं.

"मागं काय?"

"सामान. तंबू, कपडे, कॅन. मागच्या सीटवरच बांधणार."

सुभेदारांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं मक्याच्या भरड्याचं एक पोतं होतं. प्रणित उतरला, पोतं उचललं, दोन दमांत सीटवर चढवलं आणि पट्ट्यांनी बांधलं. पोतं दोन्ही बाजूंना सारखं लोंबलं. पाय टाकून बसल्यासारखं. सासूबाईंची त्याला काही अडचण नव्हती.

मी त्या पोत्याकडे बघत राहिले.

प्रणित पुन्हा पुढे बसला. सुभेदारांनी मोजलं, पण आकडा सांगितला नाही. टेप गळ्यात टाकली, मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि गाडी एकदम डावीकडे झुकवली. प्रणितनं पाय रोवले. पोतं घसरलं आणि त्याच बाजूला लोंबायला लागलं.

"घट्ट बांधीन," प्रणित म्हणाला.

"बांध की. कितीबी बांधलं तरी त्याला वळण आलेलं कळत न्हाई."

"मग काय करायचं?"

"मला काय इचारतोस? मी स्प्रिंग आवळणार. कुणासाठी आवळायचं ते मालकानं सांगायचं."

प्रणितनं हेल्मेटची काच वर केली. खाली केली.

"एकट्यासाठी," तो म्हणाला. काच खालीच होती.

सुभेदारांनी पाना उचलला. वाकले. मग वाकलेलेच राहिले.

"हे कुणी ठरवलं?"

"म्हणजे... तिला नाही झेपणार, काका. पंधरा दिवस, तो रस्ता, ती थंडी. एकदा बसली तर चेहरा पांढराफटक झाला होता तिचा."

"इचारलंस?"

"ती बोलतच नाही हो फारसं."

"तू इचारलंस का?"

मी तिथंच होते. चार पावलांवर असेन. पण दोघंही असे बोलत होते, जणू मी गावाला गेले आहे.

प्रणितनं हेल्मेट काढलं. कपाळावर फिल्टरची धूळ होती, तिच्यावरून घामाचा एक ओघळ आला होता. तो माझ्याकडे वळला. तोंड उघडलं. मला कळलं की आता तो विचारणार. माझ्या हातात ओढणीचं टोक होतं, ते मी सोडून दिलं.

"तुला ऊन लागतंय का?" त्यानं विचारलं.

मी शेडच्या सावलीत उभी होते.

मी मान हलवली. नाही.

"हं," तो म्हणाला आणि हेल्मेटमध्ये बघायला लागला.

पत्रा उचलला. आपटला.

सुभेदार सरळ उभे राहिले. त्यांनी पाना परत डब्यात ठेवला नाही. माझ्या आणि गाडीच्या मधोमध, जमिनीवर ठेवला. गळ्यातली टेप काढून त्याच्यावर ठेवली.

"मी कोंबड्यास्नी पाणी दावून येतो," ते म्हणाले. "हात हायेत दोघास्नीबी. तोंडं हायेत का बघा."

आणि गेले. लांब नाही, शेडच्या त्या टोकाला. आमच्याकडे पाठ करून पाण्याचं भांडं विसळत बसले. ते भांडं स्वच्छ होतं, मला इथूनही दिसत होतं.

प्रणितनं किल्ली फिरवली. पंप गुणगुणला. बंद केली.

तो आता मला वेगळाच दिसला. इतके दिवस मला वाटत होतं की त्याला नको आहे, म्हणून तो विचारत नाही. पण तो गाडीवर बसला होता तो निकालाला आलेल्या पोरासारखा, हेल्मेटचा पट्टा उगाच बक्कलात घालत आणि काढत. मी नाही म्हणेन म्हणून हा माणूस घाबरला होता. चाळीस हजार किलोमीटर पळालेली गाडी घ्यायला घाबरला नाही, आणि इथं पट्टा काढघाल करत बसला होता.

आणि मी तरी काय, चांगली सावलीत उभी राहून वाट बघत होते. त्यानं विचारावं, मग मी जरा थांबावं, मग हो म्हणावं. सगळं मनात मांडून ठेवलं होतं.

त्यानं नसतंच विचारलं. पुढच्या दोन महिन्यांतही नसतं.

मी पुढे गेले. पाना आणि टेप ओलांडली. पोत्याची पहिली पट्टी सोडली.

"अगं, काय करतेस? थांब, मी..."

तो उतरायला लागला, तर मी त्याच्या पाठीवर हात टेकवून त्याला तिथंच बसवलं. दुसरी पट्टी सोडली. पोतं मला पेलणार नव्हतंच. मी ते नुसतं माझ्या बाजूला ओढलं, बाकीचं त्यानं स्वतःच केलं. धप्पकन पडलं. एक कोपरा उसवला आणि भरडा सांडला, आणि चारही कोंबड्या पाण्याचं सोडून इकडे पळत सुटल्या.

सुभेदार वळले.

चप्पल काढावी की ठेवावी, याचा मी क्षणभर विचार केला. ठेवली. मागच्या फूटरेस्टवर पाय दिला. त्याच्या खांद्याला धरल्याशिवाय त्या सीटवर चढता येत नाही, म्हणून धरलं. दुसरा पाय पलीकडे टाकला.

गाडी खाली बसली. थोडीशीच.

प्रणितनं वळून बघितलं नाही. पण त्याचे दोन्ही पाय जमिनीवर पक्के रोवले गेलेले मला वरून दिसले. किल्लीवरचा हात हँडलवर आला.

कोंबड्या टिपत होत्या. पत्रा आपटला. सुभेदार सावकाश आले, वाकून जमिनीवरची टेप उचलली, आणि कुणी काही सांगतंय का याची वाट बघत उभे राहिले.

"तिकडं जूनमध्येसुद्धा थंडी असते ना?" मी म्हणाले. "माझा स्वेटर जाड आहे. तो धरून मोजा."