कासरा कुणाच्या हातात

एका गावात एक हिंदुराव होता. बैलगाडीच्या शर्यतीत त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही, असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी तो स्वतःच म्हणायचा. जिंकून आला की चावडीवर पाय पसरून सांगायचा, "पाखऱ्याला काय कळतंय? बैल म्हंजे नुसते पाय. डोकं माझं." पाखऱ्या हा त्याचा डावीकडचा बैल. तो बिचारा काही बोलायचा नाही.

एकदा माळावर शर्यत लागली. जाताना हिंदुरावानं चाकाला चाक घासलं आणि शेजारच्या गाडीतला केरबा खाली पडला. केरबाला लागलं नाही, पण राग आला. तो वाटेतच उभा राहिला. परतीच्या फेऱ्यात हिंदुरावाची गाडी समोरून आली. त्याला केरबा चांगला दिसला. हात वर करून ओरडत होता. बाजूनं जायला आख्खा माळ मोकळा होता. पण हिंदुरावाच्या मनात आलं, जरा अंगावर नेऊ, पळंल धोतर सावरत, लोक हसतील. त्यानं डावा कासरा ओढला.

केरबा पळाला नाही. चाक छातीवरनं गेलं. जागीच संपला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. पोलीस पाटील कागद घेऊन बसला. हिंदुराव म्हणाला, "धुरळ्यात मला केरबा दिसलाच न्हाई. पाखऱ्या बुजला." पाटलानं तसंच लिहिलं. कुणी म्हणालं, केरबानंबी मधी उभं राहायला नको हुतं. माना हलल्या. पाखऱ्याला बाजार दाखवायचा ठरला.

हिंदुरावाची तानूआत्या खांबाला टेकून बसली होती. तोंडात दात चारच, पण चारी चावणारे. ती म्हणाली, "काय रं हिंदू, पाखऱ्याला डोकं कधी आलं? परवापातूर तर नुसते पायच हुते."

लोक हसले, मग हिंदुरावाकडं बघू लागले.

"आत्या, तू गप बस," हिंदुराव म्हणाला.

तेवढ्यात केरबाची आई, बायनाबाई, पुढं आली. सगळ्यांना वाटलं, आता शिव्याशाप देणार. ती म्हणाली, "हिंदू, मला भांडायचं न्हाई. सगळ्यात जवळ तू हुतास. माझं लेकरू शेवटाला काय म्हणत हुतं, तेवढं सांग."

हिंदुरावाला ते शब्द पाठ होते. कालपासून कानातनं जात नव्हते. पण सांगावेत तर तो दिसला होता, ऐकू येण्याइतका जवळून दिसला होता, हे उघडं पडणार. तो खाली बघून म्हणाला, "मावशी, धुरळा लई हुता."

"बरं. मंग कुणीच ऐकलं न्हाई म्हणायचं," असं म्हणून ती पदर सावरत निघाली.

ती पायऱ्या उतरेपर्यंत हिंदुरावानं कळ काढली. मग उठला.

"मावशी, दिसला हुता. म्हणत हुता, 'उतर खाली हिंदू, मी तुला भीत न्हाई.' बैल सरळ चालला हुता. कासरा मी ओढला. भ्या दाखवायला."

पाटलानं लिहिलेला कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"भीत न्हाई म्हणाला?" बायनाबाईनं विचारलं.

"व्हय."

"तसाच हुता," ती म्हणाली आणि घरी गेली.

हिंदुराव तालुक्याला गेला, शिक्षा झाली, ती भोगून आला. पाखऱ्या गोठ्यातच राहिला. बायनाबाईनं हिंदुरावाला माफ केलं नाही. का करावं? पण वाटेत गाठ पडली की ती त्याला थांबवायची आणि म्हणायची, "काय म्हणाला हुता, परत सांग." तो सांगायचा. आणि दर वेळी, तिनं न विचारता, कासरा आपण ओढला हेही सांगायचा.

तात्पर्य: गाडी जिंकली तेव्हा कासरा तुमच्या हातात होता, तर माणूस मेला तेव्हाही तो तुमच्याच हातात होता. ते आपल्या तोंडानं सांगावं, बैलाला पुढं करू नये.