सुपडूच्या ट्रकचं तेलपाणी

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं थोराड, मनानं साखर आणि कानानं फार चांगला. सांगितलेलं एक अक्षर खाली पडू द्यायचा नाही. पडू दिलं असतं तर बरं झालं असतं.

या सुपडूनं एक जुना ट्रक घेतला. आधीच्या मालकानं तो वर्षानुवर्षं पळवला होता, आणि पळवण्यापलीकडे त्याचं काहीच केलं नव्हतं. ट्रक सुरू होताना खोकायचा आणि थांबताना कण्हायचा. तरी सुपडूच्या बायकोनं, द्वारकानं, त्याला कौतुकानं ओवाळलं आणि त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला, "इंदूच्या लग्नाचं वऱ्हाड आमच्या ट्रकमधून जाईल. दुसरी गाडी बघू नका."

इंदू म्हणजे द्वारकाची धाकटी बहीण. लग्न तोंडावर आलेलं. द्वारकाची माहेरची सगळी इभ्रत आता त्या ट्रकच्या चाकांवर येऊन बसली.

"आधी शब्बीर मिस्त्रींना दाखवून आणा," ती म्हणाली.

मिस्त्रींचं गॅरेज गावच्या नाक्यावर होतं. त्यांनी बोनेट उचललं, आत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यानं कपाळ काळं झालं.

"सुपडू, या गाडीकडे आजवर कुणी बघितलेलंच नाही रे. तू तरी रोज बघत जा."

"असं होय! आता नाही विसरणार," सुपडू म्हणाला.

आणि खरंच, तो विसरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं अंगणात खाट टाकली आणि ट्रककडे बघत बसला. न्याहारी तिथंच केली. दुपारी खाट मागच्या बाजूला नेली, कारण मागूनही कुणी बघितलेलं नसणार. डोळ्यांना पाणी आलं, पण पठ्ठ्यानं नजर हलवली नाही.

"अहो, काय चाललंय?" द्वारकानं विचारलं.

"बघतोय."

"काय?"

"गाडीकडे. बिचारीकडे इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही गं."

द्वारकानं त्याला दंडाला धरून गॅरेजवर नेलं. मिस्त्री हसून हसून टायरवर बसले. "अरे बाबा, गाडीकडे बघणं म्हणजे डोळे लावून बसणं नाही. तिचं तेलपाणी करायचं असतं. तेलपाणी!"

"असं होय! आता नाही विसरणार."

घरी येऊन त्यानं खोबरेल तेल कोमट केलं. बाह्या सरसावल्या. बोनेटपासून सुरुवात केली. दारं चोळली, चाकं रगडली, काचा माखल्या, स्टेअरिंगला तर दोनदा मालीश केलं. मग चुलीवर हंडा ठेवून ऊन पाण्यानं ट्रकला न्हाऊ घातलं. धुरी दिली. लेकराचं करतात ते सगळं झालं, म्हणून शेवटी बोनेटच्या एका बाजूला काजळाची तीट लावली.

ट्रक मिस्त्रींना दाखवायला म्हणून तो आत चढला, तर सीटवरून घसरून खाली गेला. उठून स्टेअरिंग धरलं, ते हातातून निसटलं. काचेतून रस्ता दिसेना. ट्रक अंगणातून निघाला आणि समोरच्या उकिरड्यात जाऊन बसला.

मिस्त्री धावत आले. "गाडीला न्हाणीघरात घेतलंस काय रे? तेल वरून चोपडून काय उपयोग? झाकण काढायचं आणि आत ओतायचं! गाडीच्या पोटात गेलं तरच गाडीला लागतं."

"असं होय! आता नाही विसरणार."

चार दिवसांनी द्वारका म्हणाली, "अहो, वऱ्हाड बसणार ट्रकमध्ये. रंग पार उडालाय. जरा निळा रंग द्या की त्याला."

सुपडूनं निळ्या रंगाचा डबा आणला. ब्रश आणला नाही. ब्रश कशाला? ट्रकला चक्कर मारून त्यानं एक मोठं झाकण शोधलं, ते काढलं आणि रंग आत ओतला. ती डिझेलची टाकी होती. डबा उपडा करून झटकलाही, थेंब वाया जायला नको म्हणून. मग दोन पावलं मागं सरकून तो रंग बाहेर कधी उमटतो त्याची वाट बघत उभा राहिला.

मिस्त्रींना टाकी उतरवून धुवायला दोन दिवस लागले. पाट निळा वाहिला. गल्लीतली बदकं निळी झाली. मिस्त्री ओरडले, "रंग बाहेरून लावतात, बाहेरून! ब्रश घ्यायचा आणि पुढून मागून लावत सुटायचं. बोटभर जागासुद्धा कोरी सोडायची नाही!"

"असं होय! आता नाही विसरणार."

ट्रक निळा झाला. सुंदर झाला. एकही चूक झाली नाही, म्हणून द्वारकानं त्या दिवशी शिरा केला. शिरा खाताना ती म्हणाली, "आता तेवढ्या काचा आणि दिवे राहिलेत. त्यांचंही करून टाका, म्हणजे झालं."

सुपडू ताट बाजूला सारून लगेच उठला. पुढची काच निळी केली. बाजूच्या काचा निळ्या केल्या. दिवे, आरसे, सगळं निळं. बोटभर जागा कोरी सोडली नाही. मग आत बसला आणि बाहेर ओरडला, "द्वारके, अंधार पडला का गं?"

या वेळी मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांच्यात ओरडायला जीव उरला नव्हता. अगदी शांतपणे त्यांनी एक पत्रा हातात दिला. "काचेतून पलीकडचं दिसलं पाहिजे, सुपडू. हा पत्रा घे आणि खरवड. आरपार दिसेपर्यंत हात थांबवू नको."

"असं होय! आता नाही विसरणार."

काचा लख्ख झाल्या. तेवढ्यात द्वारकाच्या वडिलांचा निरोप आला, "जावईबापू, लग्नाचे गहू बाजारातून आणायचेत. तेवढी खेप मारा." द्वारका म्हणाली, "मग आधी ट्रकचा हौदा खरवडून घ्या. मागच्या मालकाच्या वेळची शेण-माती चिकटलीय खाली."

सुपडूनं पत्रा घेतला आणि हौद्यात बसला. शेण निघालं. माती निघाली. खाली फळ्या लागल्या. पण आरपार काही दिसेना. मग त्यानं पहार आणली. संध्याकाळपर्यंत त्याला खालचा रस्ता दिसू लागला. बऱ्याच ठिकाणांहून दिसू लागला. तो घाम पुसून समाधानानं खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी लग्नाचे गहू त्या हौद्यातून आले. म्हणजे निघाले. भोकांत अडकून पोती फाटली, आणि बाजारापासून सासरवाडीपर्यंत गव्हाची एक सरळ रेघ पडली. वाटेतल्या तिन्ही गावांच्या कोंबड्या ट्रकमागे चालत आल्या. सासऱ्यांनी दारात येऊन पाहिलं, तर जावई, रिकामी पोती आणि कोंबड्यांची मिरवणूक.

सासरे भले माणूस. एवढंच म्हणाले, "बापू, माल नेताना दोरानं आवळून बांधावा. असा की हलता कामा नये. म्हणजे खाली काही पडत नाही."

"असं होय, मामा! आता नाही विसरणार."

मिस्त्रींनी हौद्याला नव्या फळ्या ठोकल्या. द्वारकानं त्यांना हात जोडले, "मिस्त्री, तुम्हीही लग्नाला चला. ट्रकसाठी नाही, यांच्यासाठी." मिस्त्री कबूल झाले.

लग्नाच्या दिवशी ट्रक फुलांच्या माळा घालून सासऱ्यांच्या दारात उभा राहिला. वऱ्हाड चढलं. इंदू, तिची आई, आत्या, मामे, करवल्या, सगळे दाटीवाटीनं बसले. मिस्त्री पुढे बसून तंबाखू मळत होते. सुपडू मागे चढला आणि त्यानं दोर काढला.

"हे काय, जावईबापू?" आत्यानं विचारलं.

"हलू नका, आत्या. हलता कामा नये."

वऱ्हाडाला वाटलं, नव्या गाडीची काही रीत असेल. कुणी हललं नाही. सुपडूनं आत्याला मामाशी बांधलं, मामाला आहेराच्या हंड्याशी, हंडा करवल्यांशी आणि वर निरगाठी मारल्या. ट्रक निघाला. खरंच कुणी खाली पडलं नाही. पण वाटेत देवीच्या देवळापाशी नारळ फोडायला थांबले, तर कुणाला उतरताच येईना. एकानं नमस्कार केला की सगळे वाकायचे. दोर सोडवता सोडवता ऊन डोक्यावर आलं. मुहूर्त जवळ येऊ लागला.

"आता पळवा!" द्वारका ओरडली.

सुपडूनं ट्रक पळवला. चढाच्या माथ्यावर बोनेटमधून वाफ निघाली आणि ट्रक जागच्या जागी उभा राहिला. द्वारकानं डोळ्यांना पदर लावला. मिस्त्री खाली उतरले.

"घाबरू नको, वहिनी. तापलीय नुसती. सुपडू, इकडे ये आणि नीट बघून घे. गाडी तापली की काय करायचं? फडकं घ्यायचं. त्यानं झाकण धरून अलगद काढायचं. थोडी वाफ जाऊ द्यायची. मग गार पाणी ओतायचं. पाणी घातल्यावरही बंद राहिली, तर चार माणसं लावायची आणि उतारावर धक्का मारायचा. आणि एकदा सुरू झाली, की काम होईपर्यंत बंद करायची नाही. कळलं?"

"असं होय! आता नाही विसरणार."

धक्का बसला. ट्रक सुरू झाला. नवरदेवाच्या गावात पोचला तेव्हा मुहूर्ताला जेमतेम वेळ उरला होता. इंदूला हाताला धरून बायका मांडवाकडे पळाल्या. मिस्त्री हातपाय धुवायला विहिरीवर गेले. मांडवाच्या वाटेत सुपडूला सकाळीच पुढे आलेले सासरे भेटले. त्यांचा चेहरा उतरलेला.

"बापू, जरा सांभाळून हं. उशीर झाला म्हणून सुकदेव आप्पा फार तापलेत. लग्न मोडतो म्हणतायत."

सुकदेव आप्पा म्हणजे नवरदेवाचे वडील. सुपडूनं मान उंचावून पाहिलं. आप्पा मांडवाच्या तोंडाशी उभे होते. लाल झाले होते, थरथरत होते, आणि नाकातोंडातून फूं फूं आवाज येत होता. डोक्यावर भला मोठा केशरी फेटा. सगळे पाहुणे लांब सरकले होते. कुणाला काय करावं कळत नव्हतं.

सुपडूला कळत होतं. जन्मात पहिल्यांदा एवढ्या माणसांत त्याला एकट्यालाच कळत होतं. त्याची छाती भरून आली.

"घाबरू नका, मामा," तो म्हणाला. "तापलेत नुसते."

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं. आप्पांजवळ गेला, फडक्यानं फेटा धरला आणि अलगद वर उचलला.

"अरे! अरे, कोण तू? फेट्याला हात?" आप्पा किंचाळले.

"जाऊ द्या, वाफ जाऊ द्या," सुपडू मायेनं म्हणाला. थोडी वाफ जाऊ दिली. मग पंगतीसाठी भरलेली गार पाण्याची घागर उचलली आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, आप्पांच्या टकलावर ओतली.

आप्पांचं तोंड उघडं राहिलं. आवाज निघेना. पापणी हलेना.

सुपडूनं त्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि मागं वळून हाक दिली, "बंद पडले! चला, चार जण या रे!"

कुणी आलं नाही. तेव्हा त्यानं एकट्यानंच आप्पांचं तोंड मांडवासमोरच्या उताराकडे वळवलं आणि पाठीला खांदा लावून धक्का मारला. आप्पा धोतर सावरत दुडूदुडू उतार उतरले आणि खालच्या कडब्याच्या गंजीत कमरेपर्यंत शिरले.

आधी नवरी हसली. मग नवरदेव हसला. मग अंतरपाट धरणारे हसले आणि अंतरपाट खाली पडला. भटजींना मंगलाष्टक म्हणता येईना. एवढ्यात गंजीतून आप्पांचा आवाज फुटला. त्यांनी सुपडूच्या सात पिढ्यांचा जो उद्धार सुरू केला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला. विहिरीवरून मिस्त्री धावत आले.

सुपडूनं फडकं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं आणि अभिमानानं म्हणाला, "मिस्त्री, पहिल्याच धक्क्याला सुरू झाले! आता लग्न लागेपर्यंत कुणी बंद करू नका."