पंचांचे पिवळे डोळे

डोंगरपायथ्याच्या एका गावात केरोबा नावाचे एक पंच होते. दारूला त्यांनी आयुष्यात स्पर्श केला नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणालाही विसरू देत नसत. भैरोबाच्या उत्सवात पंगतीच्या दाराशी उभे राहून ते प्रत्येकाची पापणी ओढून पाहत. ज्याचे डोळे पिवळे, तो पिणारा. त्याने बाहेर चिंचेखाली जेवावे, असा त्यांचाच नियम होता. एकदा बाहेर बसवलेल्याला पुन्हा आत घेत नसत. सटवाजी नावाचा कोष्टी असाच कित्येक वर्षे बाहेर बसत आला होता.

एके वर्षी उत्सव तोंडावर आला असता केरोबांनी मिशा कातरण्यासाठी आरसा हाती घेतला. डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. त्यांनी आरसा पुसला. मग डोळे पुसले. पिवळेपणा जाईना.

केरोबा गोंधळून गेले. नियम खरा असेल तर आपण दारुडे ठरतो. आपण खरे असू तर नियम खोटा ठरतो. दोन्ही त्यांना मान्य करवेना. तिसरी वाट शोधत ते स्वयंपाकघरात गेले आणि पत्नीला त्यांनी विचारले, "ताकात काही घालतेस का?"

"मीठ घालते," साळूबाई म्हणाल्या. "का, कमी पडलं?"

अखेर फेटा डोळ्यांवर ओढून ते शेजारगावच्या नागनाथ वैद्यांकडे गेले. यकृताला सूज आहे, असे वैद्यांनी सांगताच केरोबा रागाने उठू लागले. पण वैद्य दारूविषयी बोललेच नाहीत. हिरड्यांतून रक्त केव्हापासून येते, पोटरीची जखम का चिघळू दिली, जेवणावर लाडू किती होतात, असे भलतेच काही ते विचारत राहिले. हिरड्यांचा यकृताशी काय संबंध, हे केरोबांना कळेना.

"अंगात जागोजागी दाह धुमसत ठेवलात," वैद्य म्हणाले. "त्याची झळ रक्तावाटे यकृताला लागते. तुमचे यकृत चरबीने आधीच जड झालेले. सोसेल तेवढे त्याने सोसले. दारू हे एक कारण आहे, पंच, एकमेव नव्हे."

पथ्य न पाळल्यास यकृत दगडासारखे होईल, मग आपला इलाज चालणार नाही, असेही त्यांनी बजावले.

केरोबा आणखीच पेचात पडले. पंगतीचा पहिला लाडू पंचांनीच खायचा असे. तो खाल्ला तर जीव धोक्यात. नाकारला तर गाव कारण विचारणार.

उत्सवाच्या दिवशी लोक रांगेत उभे राहिले. केरोबांनी कोणाचीही पापणी पाहिली नाही. त्यांनी फेटा मागे सारला, अंगठ्याने स्वतःची पापणी खाली ओढली आणि साऱ्या रांगेला दाखवली. मग पत्रावळ उचलून ते चिंचेखाली सटवाजीशेजारी जाऊन बसले.

सटवाजीने त्यांचे डोळे निरखले. "पंच, तुम्ही घेता होय?"

"नाही. कधीच नाही."

"मीपण नव्हतो घेत," सटवाजी म्हणाला. "मला कुणी विचारलं नाही, एवढंच."

केरोबांची मान खाली गेली. यकृताचे कोडे त्यांना अजून पुरते उलगडले नव्हते. आपली चूक मात्र उलगडली होती. पत्रावळीवरचा लाडू त्यांनी बाजूला ठेवला.

"उद्या माझ्याबरोबर वैद्यांकडे चल," ते म्हणाले. "आणि नुसतं पोटाचं सांगू नकोस. सगळ्या अंगाचं सांग."

तात्पर्य: अंगात धुमसणाऱ्या दाहाकडे दुर्लक्ष केल्यास त्याची झळ यकृतापर्यंत पोहोचते, म्हणून रोगाचे मूळ सर्व शरीरात शोधावे, रोग्याच्या चारित्र्यात नव्हे.